पहिला भेटेल त्याचा शब्द

आमच्या वस्तीचा प्रमुख कोण, असं विचारत कोणी बाहेरचा माणूस आला, तर ज्याला विचारलं तोच प्रमुख. विषय संपला. पूल ओलांडल्यावर पहिली भेटलेली बाई ओली चादर पिळत असली, तरी ती चादर खांद्यावर टाकून म्हणणार, "मीच. बोला." आणि ती जे बोलली ते सगळी वस्ती बोलली. मागाहून तिला फैलावर घ्या, कडाकडा भांडा, चार दिवस अबोला धरा. पण शब्द फिरवायचा नाही.

खालच्या गावातले लोक यावर पोट धरून हसतात. हसोत बापडे. त्यांच्याकडे निवडून दिलेली माणसं आहेत. रस्त्यावरचा एक दिवा गेला की सगळे मिळून सभा भरवतात, चहा पितात, आणि दिवा जातो तो जातोच. आमच्याकडे दिवा गेला की ज्याच्या दारात अंधार पडला तो शिडी आणतो.

मी इथली गिरणीवाली. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं गिरणी दाखवायच्या आधी ओढा दाखवला होता. म्हणाली, "सूनबाई, आपलं सगळं रामायण या ओढ्यानं केलंय, आधी याला बघून घे." ओढा म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द. अलीकडचं यांचं, पलीकडचं त्यांचं. माझ्या आजेसासूच्या काळात एक पूर आला आणि ओढ्यानं आपली वाटच सोडली. रात्रीपर्यंत आमच्या घरांच्या मागून वाहायचा, तो सकाळी पुढून वाहायला लागला. घरं जागच्या जागी, माणसं जागच्या जागी, पण जिल्हा बदलला. की नाही बदलला? तेच तर कोणाला ठाऊक नव्हतं.

मग दोन्हीकडचे दोन अधिकारी एकाच दिवशी चौकशीला आले. विचारलं, "इथला प्रमुख कोण?" आणि तिथं आमच्या शहाण्या पूर्वजांनी माती खाल्ली. पुढं होईल त्याच्या गळ्यात लचांड पडेल, या भीतीनं लोहारानं गिरणीवाल्याकडे बोट दाखवलं, गिरणीवाल्यानं सुताराकडे, सुतारानं चांभाराकडे, आणि चांभार म्हणाला की मी तर फक्त चपला शिवतो. अधिकारी उन्हात बसून कंटाळले. ही माणसं तुमचीच, असं एकमेकांना म्हणाले आणि आपापल्या वाटेनं गेले. तेव्हापासून आम्ही ना घरचे ना घाटचे. शाळा मागायला गेलो तर हे म्हणतात त्यांच्याकडे जा, रस्ता मागायला गेलो तर ते म्हणतात यांच्याकडे जा.

पण एक आहे. आमची माणसं चुकली, तरी तीच चूक दुसऱ्यांदा करत नाहीत. त्याच साली ठरलं, की पुन्हा कोणी कोणाकडे बोट दाखवायचं नाही. ज्याला विचारलं त्यानं म्हणायचं, मीच. आणि बाकीच्यांनी त्याच्या मागं उभं राहायचं.

हा कायदा आम्ही पाळला, आणि तो पाळताना आमच्या नाकी नऊही आले. रस्त्याची आखणी करणारे आले तेव्हा त्यांना पहिला भेटला चांभार, तोही झिंगलेला, झाडाखाली आडवा पडलेला. "माझ्या झोपेला धक्का लागता कामा नये," म्हणाला. म्हणून आमचा रस्ता आजही त्या झाडाला वळसा घालून जातो आणि प्रत्येक गाडीवाला तिथं शिव्या घालतो. सर्कसवाले आले तेव्हा पहिली भेटली सहा वर्षांची पोरगी. तिनं त्यांना मळणीचं खळं देऊन टाकलं, ऐन मळणीत! अख्खी वस्ती दात-ओठ खात धान्याच्या पेंढ्या घराघरात रचत बसली आणि खळ्यात हत्ती डुलत होते. पण दिलं. ती पोरगी म्हणजे आमची आजची सुईण. वस्तीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मली.

बाकी सगळं आम्ही हातानं केलं. पूल आम्ही बांधला. शाळेची खोली आम्ही बांधली आणि शिकवायला बाई शोधून आणली. आणि पाट! डोंगरातल्या झऱ्यापासून कड्याच्या कुशीतून दगडी पाट आणलाय, नखभर फट नाही त्याला. ते पाणी आधी माझ्या गिरणीचं चाक फिरवतं, मग प्यायच्या हौदात पडतं, मग शेतात जातं. आधी चाक, मग चूल, मग शेत, असं आमच्यात म्हणतात. चाक सागाच्या फळ्यांचं, माझ्या सासऱ्यांनी बसवलेलं. दिवसभर त्याची घरघर चालू असते. पाहुणे म्हणतात झोप कशी लागते तुम्हाला? आम्हाला त्याच्याशिवाय लागत नाही.

तर माझा जावई.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, माझ्या तर घरातच येऊन बसला. एकुलती एक लेक, नवरा गेल्यावर गिरणी ओढायला मी आणि ती दोघीच. ती म्हणाली, लग्न करीन तर इथंच राहणाऱ्याशी. मी म्हटलं ठीक आहे, वस्तीतला कोणी धडधाकट बघ. तर तिनं बघितला खालच्या गावातला शिंपी! सुई-दोऱ्यातला माणूस. पहिल्या दिवशी धान्याचं पोतं उचललं तेव्हा तो आणि पोतं दोघेही एकदमच खाली बसले. बोलणं एवढं हळू, की आधी मला वाटायचं याला काही दुखतंय.

आणि त्यातून खालच्या गावातला. ते गाव म्हणजे आमच्या वस्तीची जुनी जखम आहे. तापाची साथ आली होती तेव्हा त्यांनी आम्ही बांधलेल्या पुलाच्या त्यांच्या टोकाला दोर बांधला होता. आमचा लोहार बायकोला गाडीत घालून घेऊन गेला, दवाखाना पलीकडे दिसत होता, आणि दोराशी उभी असलेली माणसं म्हणाली, "तुम्ही आमच्यात येत नाही." ती तिसऱ्या दिवशी गेली. लोहारानं त्यानंतर पुलावर पाऊल टाकलेलं नाही. भट्टीला लोखंड लागलं तरी दुसऱ्याला पाठवतो.

माझा जावई चार वर्षं आमच्यात राहिला, पाटातला गाळ उपसला, दगडाला टाकी लावायला शिकला, पण लोहारानं त्याला कधी हाक मारली नाही. "तुमचे पाहुणे" म्हणायचा. आणि खरं सांगू? मीही त्याला "अहो जावईबापू" म्हणत असे, ते मानानं कमी आणि टोचून जास्त.

त्या दिवशी मी कोठीत धान्य ओतत होते. जावई सकाळीच पाटावरची पानं काढायला वर गेला होता. तो परत आला तो दारातच उभा राहिला. हात ओले, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

"आई," म्हणाला, "मी एक शब्द देऊन बसलोय."

माझ्या हातातलं सूप तिथंच थांबलं. "कोणाला?"

"खालच्या गावाचे पाणीखात्याचे साहेब आले होते. पाटाच्या वळणावर मीच पहिला भेटलो."

मग त्यानं सांगितलं. खालच्या गावाची पाण्याची टाकी फुटली होती. नदीचं पाणी पिऊन माणसं आजारी पडत होती, दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. नवी टाकी बांधून व्हायला पुढचा पावसाळा उजाडणार. तोवर आमच्या पाटाचं पाणी नळानं खाली न्यावं, असं साहेबांचं म्हणणं. हौदाला आणि शेताला लागेल तेवढं बाजूच्या चारीतून सोडायचं, उरलेलं सगळं त्यांना.

"मग चाकाखालून घ्या म्हणावं," मी म्हटलं. "चाकावरून पडलं की वाहूनच जातंय."

"चाकाखालचं पाणी फार खोल पडतं, आई. तिथून त्यांच्या टाकीपर्यंत चढत नाही. चाकाच्या वरूनच घ्यावं लागेल."

म्हणजे माझी गिरणी बंद. आणि नुसती बंद नाही. लाकडाचं चाक आहे ते. पाण्यात फिरतंय तोवर दगडासारखं, पण उन्हात कोरडं उभं राहिलं की महिन्याभरात फळ्या तडकतात, जोड सुटतात. एक उन्हाळा कोरडा गेला की त्याचं सरपण होतं. असं चाक पुन्हा घडवणारा हात आता आमच्या सुताराकडेही नाही, तो स्वतःच सांगतो.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आणि तुम्ही हो म्हणालात! घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तुम्हाला गिरणी दिसली नाही का?"

"दिसली," तो म्हणाला. "म्हणून तर हो म्हणायला वेळ लागला. साहेबांनी एका बरणीत तिथलं पाणी आणलं होतं. मी ते बघितलं. दुसऱ्या कोणाच्या वाटणीतलं द्यायचा मला हक्क नव्हता, आई. हौदाचं पाणी त्यांनी मागितलं असतं तरी मी दिलं नसतं, शेताचंही नाही. गिरणी तेवढी आपली होती, ती दिली. सगळ्यांची दळणं मी खाली नेऊन आणीन."

"आपली?" मी म्हटलं. "आपली म्हणे!"

मी आत निघून गेले आणि भांडी अशी आदळली, की वस्तीला चाकाची घरघरसुद्धा ऐकू आली नसेल.

थोड्या वेळानं लेक आली. ती माझ्यावर गेलीय, गोड बोलायला तिला जमत नाही. म्हणाली, "आई, बाहेर लोक बोलतायत, की तो आपला नाही, म्हणून त्याचा शब्द धरायचा नाही. तसं ठरलं तर तो इथं राहणार नाही. तो तुला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. आणि तो जाईल तिथं मी जाईन."

"धमकी देतेस?"

"नाही. सांगते. मागून म्हणशील, बोलली का नाहीस."

दुपार कलताना सगळी वस्ती माझ्या गिरणीच्या अंगणात जमली. जावई पोत्यांच्या ओट्यावर कडेला बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. चाक चालू होतं, म्हणून सगळे मोठ्यानं बोलत होते. तसे आम्ही एरवीही मोठ्यानंच बोलतो.

सुतार आधी उठला. "चाकाचं सांगतो. बंद पडलं तर वाचणार नाही. वाचवायचं असेल तर सकाळ-संध्याकाळ शेकड्यानं बादल्या ओताव्या लागतील, सगळ्या बाजूंनी, रोज, पाऊस येईपर्यंत. कोण ओतणार? घरात माणसं तीन."

मग लोहार उठला. म्हातारा झालाय, पण उभा राहिला की अजून दार अडवतो. त्यानं जावयाकडे बघितलंसुद्धा नाही, माझ्याकडे बघून बोलला.

"वहिनी, शब्द पाळायला मी कधी मागं हटलो नाही. हत्ती माझ्या दारात बांधले होते, आठवतंय ना? पण तो शब्द आपल्या माणसाचा होता. हे तुमचे पाहुणे. त्यांना त्यांच्या गावाचा कळवळा आला, येणारच, माहेर कोणाला सुटतं? पण पाहुण्याचा शब्द वस्तीचा शब्द नव्हे. तुम्ही एवढंच म्हणा, की हा आमच्याकडे आलेला पाहुणा आहे. मी स्वतः साहेबाला सांगतो, चुकीच्या माणसाला विचारलंत. तुमची गिरणी वाचेल. कायदाही मोडणार नाही."

बरीच डोकी हलली. खोटं कशाला बोलू, माझंही डोकं हलणार होतं. माझ्याच भल्यासाठी बोलत होता तो. लग्न होऊन आल्यापासून त्या माणसानं माझ्या घराचा प्रत्येक खिळा ठोकलाय. एका वाक्याचा प्रश्न होता. तो पाहुणा आहे. म्हटलं की चाक फिरत राहील, मी मरेपर्यंत आणि माझ्यानंतरही.

सुईण म्हणाली, "मी सहा वर्षांची होते तेव्हा तुम्ही मला विचारलं नाहीत, तुझी अक्कल केवढी."

"तू इथं जन्मलीस," लोहार म्हणाला.

"जन्मायला अक्कल लागत नाही, काका. मी रोज बघते."

लोक हसले. लोहार हसला नाही. तो म्हणाला, "मला हसू येत नाही. मी त्या दोरापाशी उभा होतो, तुम्ही नव्हतात. माझी बायको गाडीत कण्हत होती. त्यांना आता तहान लागलीय होय? त्यांनी मला काय सांगितलं होतं? तुम्ही आमच्यात येत नाही!"

मी जावयाकडे बघितलं. मान खाली, पण तो रडत नव्हता, चिडलाही नव्हता. एखाद्याला दारात थांबायला सांगितलं की तो कसा थांबतो, तसा बसला होता. चार वर्षं तो माझ्या घरात तसाच बसत आला होता, हे मला तेव्हा दिसलं. आणि मग माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की विचारू नका.

"लोहारदादा," मी म्हटलं, "बसा जरा. तुमचं दुःख खोटं म्हणणारी जीभ माझ्याकडे नाही. पण आज तुम्ही मला काय म्हणायला सांगताय ते ऐकलंत का? ज्या वाक्यानं वहिनी गेली, तेच वाक्य तुम्ही माझ्या तोंडात देताय. आमच्यात येत नाही! त्यांनी ते पुलावर म्हटलं, मी ते माझ्या अंगणात म्हणू?"

तो काही बोलायला गेला. मी बोलू दिलं नाही. एकदा सुटले की मी कोणाला ऐकत नाही, माझ्या नवऱ्यालाही ऐकलं नव्हतं.

"पाहुणा म्हणे! पाहुणा चार वर्षं गाळ उपसतो का? पाहुण्याला आपण हातावर पाणी घालतो. याला मी पहाटे उठवून पोती उचलायला लावलीत, चुकला की बोलले, आजारी असला तरी बोलले. एवढं पाहुण्याला बोलले असते तर तुम्हीच मला वाळीत टाकलं असतंत! आणि त्या साहेबानं विचारलं, प्रमुख कोण. हा म्हणू शकला असता, खाली जा, सासूला विचार. म्हणाला असता तर माझी गिरणी आज निवांत असती. पण त्यानं बोट नाही दाखवलं दुसऱ्याकडे. मीच, म्हणाला. आपल्या बापजाद्यांना जे जमलं नाही ते या शिंप्याला जमलं. आणि द्यायची वेळ आली तेव्हा तुमच्या कोणाच्या घरातला थेंब दिला नाही. स्वतःच्या घरचं चाक दिलं. आता मला सांगा, वस्तीचा माणूस आणखी कसा असतो? त्याला शिंगं असतात का?"

सुतारानं मान वळवून चाकाकडे बघितलं.

"आपल्याकडे दुसरं आहे काय?" मी म्हटलं. माझा आवाज फुटला होता, फुटू दे. "हे जिल्ह्यात घेत नाहीत, ते जिल्ह्यात घेत नाहीत. पूर आला की ओढा पुन्हा कुठंही जाईल. ही जागा आपली कशावरून? आपण दिलेला शब्द खाली पडू देत नाही, एवढ्यावरून. तो या वेळी पडू दिला, तर मग उरतात ती नुसती पंधरा-वीस घरं आणि एक गिरणी. मला नुसती गिरणी नको. तो माझ्या घरचा आहे. शब्द दिला म्हणजे दिला."

काही जण अजून म्हणतात, की लेक जाईल या भीतीनं म्हातारी बोलली. म्हणोत. लेक काय, मी रोज खालच्या गावात जाऊन तिच्याशी भांडून आले असते.

लोहार उठला आणि अंगणातून निघून गेला. बाकीचे थांबले. सुईण म्हणाली, "ठरलं तर." सुतारानं मान डोलावली. असं ठरतं आमच्याकडे.

नळ टाकणारी माणसं आली, त्यांनी चाकाच्या वर तोंड बसवलं. पाटाचं दार उतरवायची वेळ आली तेव्हा जावई पुढं झाला. ते दार जड आहे, एकट्यानं उतरत नाही, नवरा होता तेव्हाही आम्ही दोघं मिळून उतरवायचो. मी दुसरी बाजू धरली. चाक हळू झालं, मग थोडं मागं आलं, मग थांबलं. वस्तीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बायका घराबाहेर आल्या, पोरं खेळायची थांबली. मला रडू आलं, नाही म्हणत नाही. पण मान खाली घालून नाही रडले.

साहेब म्हणाले, "आजी, तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही." मी म्हटलं, "विसरलात तरी चालेल. उपकार नाहीत ते, शब्द आहे."

जावई पोती वाहू लागला. सकाळी गाडी भरून खाली, दुपारी पीठ घेऊन वर. मधल्या वेळात आम्ही तिघं चाकावर पाणी ओतायचो. हौदातून आमच्या वाटणीच्या बादल्या भरून आणायच्या, वरच्या फळ्यांवर ओतायच्या, की पाणी खालच्या फळ्यांवर उतरायचं. पण सुतार म्हणाला तेच खरं, तिघांचं काम नव्हतं ते. ऊन असं पडलं होतं, की एक बाजू भिजेपर्यंत दुसरी वाळायची. आठवड्याभरात वरच्या एका फळीला केसाएवढी रेघ दिसली. जावयानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मी म्हटलं, "राहू दे रे. जाईल तेवढं जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली घेऊन बाहेर आले तर चाकापाशी कोणीतरी होतं. पाण्याचा धबाधबा आवाज आणि त्याच्यावरून शिव्या. लोहार! दोन्ही हातांत भट्टीजवळच्या लोखंडी बादल्या, लोखंड विझवायला वापरतो त्या. एक चाकावर ओतत होता आणि खालच्या गावाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, दुसरी ओतत होता आणि पाणीखात्याचा. त्याच्या मागं सुईण, तिच्या मागं चांभाराचा नातू, त्याच्या मागं शाळेच्या बाई, सगळ्यांच्या हातांत आपापल्या घरातलं पाणी. रांग रस्त्यापर्यंत गेली होती, त्या झाडाच्या वळणापर्यंत.

मी तोंड उघडलं. लोहार म्हणाला, "वहिनी, काही बोलू नका. त्यांच्यासाठी नाही करत मी. त्यांना मी मेलो तरी माफ करणार नाही."

"मी कुठं काय म्हटलं?" मी म्हटलं.

त्यानं रिकामी बादली खाली ठेवली आणि चाकाला खांदा लावून ते थोडं फिरवलं. खालची बाजू वर आली, सुकून पांढरी पडलेली. जावई गाडीला पोती बांधत होता, हातातला दोर तसाच धरून बघत उभा राहिला होता. लोहारानं मान वळवली आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्याला हाक मारली.

"ए शिंप्या! ही बाजू सगळी कोरडी आहे की रे! बघत काय राहिलास, इकडे येऊन खांदा लाव. चाक आपलं आहे ना?"